दुपारी तीनची नोंद

शाळेच्या लिपिकाने कपाटावरून उतरवलेलं गाठोडं धाकटीने जमिनीवरच सोडायला घेतलं. गाठ सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी ओढली. धुळीने दोनदा शिंक आली आणि मग हवी ती दैनंदिनी सापडली, अर्थातच सगळ्यात खाली.

"सुट्टी संपेपर्यंतच हं," लिपिक डबा उघडत म्हणाला. "आणि दातांनी काय ओढता? कात्री मागायची."

"मिळाली, मिळाली."

तिला एकच ओळ हवी होती. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी नदीचं पाणी खालच्या वस्तीत शिरलं, त्याचा पाटबंधारे खात्याबाहेरचा एक पुरावा. इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रबंधात तेवढीच एक जागा मोकळी राहिली होती. ती भरली की शनिवारी दुपारी बाराच्या आत प्रबंध विभागात द्यायचा आणि सुटायचं. आज गुरुवार होता. गेले चार दिवस तिचा उजवा पाय बसल्या जागी हलत होता. कुणी गुडघ्यावर हात ठेवला की थांबायचा आणि हात काढला की पुन्हा सुरू व्हायचा.

ओळ मिळाली. 'दुपारी २.२०. आवारात पाणी. चौकीचा भोंगा ऐकू येत आहे. मुलांना वरच्या मजल्यावर नेले. पालक येतील तसे सोडले.' धाकटीला इतका आनंद झाला, की तिने लिपिकाला विनाकारण धन्यवाद दिले. खाली यादी होती. मुलाचं नाव, इयत्ता, नेणारा, वेळ, सही. ती सहज बोट फिरवत खाली गेली आणि नवव्या ओळीवर बोट अडलं.

तिच्या बाबांचं नाव. इयत्ता तिसरी. नेणारा, वडील. वेळ, ३.१५. आणि सही.

पाचाचं शेपूट लांब ओढून आधीच्या एकाच्या खालून नेलं होतं. ते शेपूट ती झोपेतही ओळखू शकली असती.

"काय झालं?" लिपिकाने विचारलं. "झुरळ आहे का?"

"नाही," धाकटी म्हणाली. "आजोबा आहेत."

आता या आजोबांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. आजोबा गावाच्या वर, नदीकाठच्या चौकीत नोकरीला होते. दगडी खांबावर रंगवलेल्या पट्टीवरून पाण्याची पातळी वाचायची, दर तासाला वहीत नोंदवायची आणि पाणी लाल रेषेवर गेलं की हाताने फिरवायचा भोंगा वाजवायचा, एवढंच काम. पूर आला त्या दिवशी दुपारी एक ते सहा दर तासाला नोंद झाली आणि दर तासाला भोंगा वाजला. खालची वस्ती वेळेत टेकडीवर गेली आणि एकही माणूस दगावला नाही. चौकीच्या त्या वहीतलं पान धाकटीला खात्याच्या दप्तरखान्यात मिळालं, तेव्हा बाबांनी त्याची झेरॉक्स आपल्या चष्म्याच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली लावली. गिऱ्हाईक नंबर तपासायला आलं की भिंतीवरचा तक्ता राहायचा बाजूला, आधी हे पान वाचायला लागायचं.

हेच बाबा तीन वर्षांपूर्वी, तिने इतिहास घेतला तेव्हा महिनाभर धड बोलले नव्हते. "मेलेल्यांची चौकशी करायची आणि जिवंत माणसाने पुढे काय करणार विचारलं, की गप्प बसायचं. हा काय विषय आहे?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. प्रबंधाचा विषय कळला आणि वारं फिरलं. रविवारी खातं चौकीपाशी आजोबांच्या नावाची पाटी बसवणार होतं. बाबा पाच मिनिटं बोलणार होते आणि धाकटी प्रबंधातली दोन पानं वाचणार होती. पहिल्यांदाच तिच्या शिक्षणाचं काहीतरी चारचौघांत दाखवण्याजोगं झालं होतं. बाबांनी तिच्यासाठी नवीन चष्म्याची फ्रेमसुद्धा काढून ठेवली होती, जाड काळी, विदुषी दिसावी म्हणून.

आणि प्रबंधातला सगळ्यात जोरकस भाग कोणता? 'अक्षराचा पुरावा'. साडेसात पानं. एक ते सहाच्या साऱ्या नोंदी एकाच हातच्या आहेत, पाचाचं शेपूट, नवाचा वळसा, प्रत्येक वेळेपुढची बारीक आडवी रेघ, म्हणून आजोबा जागचे हलले नाहीत, हे तिने भिंग लावून सिद्ध केलं होतं.

आता तोच हात सव्वातीन वाजता शाळेत सही करत होता. तीनची नोंद मात्र चौकीत होती. मधे चार किलोमीटर.

विभागात ती पोहोचली तेव्हा तिचे मार्गदर्शक सर खडू शोधत होते. कुठल्याही विद्यार्थ्याने काहीही सांगितलं की सर आधी "कधी?" विचारत, म्हणून त्यांचं नाव 'कधीसर' पडलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. तिने दोन्ही फोटो त्यांच्यापुढे धरले. सर कधी नाही ते काहीच न विचारता दोन मिनिटं बघत राहिले.

"तीन शक्यता आहेत," ते म्हणाले. "शाळेचं घड्याळ चुकीचं असेल. नाहीतर वही मागाहून भरलेली असेल."

"आणि तिसरी?"

"तू चुकली असशील. ही शक्यता माणसाला कायम शेवटी सुचते."

"सर, अक्षर तेच आहे. साडेसात पानं..."

"पानं मोजू नकोस. माणसं विचार. घरात कोण आहे त्या वेळचं?" त्यांना खडू मिळाला, स्वतःच्याच खिशात. "आणि शेवटी जे माहीत नाही, ते माहीत नाही असं लिहायला लाजू नकोस. त्याने गुण जात नाहीत. गेले तर मी बघतो."

घरी जाताना तिच्या डोक्यात भुंगा लागला होता. घड्याळ चुकलं तर पाच-दहा मिनिटं चुकेल, तासभर नाही. स्वतः चुकल्याचा विचार तिने केला आणि बाजूला सारला. साडेसात पानं म्हणजे काही गंमत नव्हती. मग उरलं एकच. आजोबांनी नोकरी सोडून पोराला आणलं आणि संध्याकाळी शांतपणे बसून खोटे आकडे भरले. आणि त्या खोट्या आकड्यांची झेरॉक्स बाबांनी काचेखाली ठेवली होती. तिला बाबांची इतकी दया आली, की दुकानावरून जाताना तिने रस्ता ओलांडला.

पण बाबा घरीच होते. आरशासमोर उभे राहून भाषण म्हणत होते.

"सर्वत्र हाहाकार माजला असताना अण्णा जागचे हलले नाहीत," बाबा आरशाला म्हणाले आणि मग तिला, "हाहाकार जरा जास्त होतो का गं?"

"बाबा, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"मी? शाळेत असेन. लहान होतो."

"घरी कुणी आणलं?"

बाबा थांबले. "आणलं असेल कुणीतरी. शेजाऱ्यांनी."

"आणि ते खांद्यावरचं?"

बाबांचा चेहरा उजळला. ही त्यांची लाडकी गोष्ट होती. धाकटीने ती शंभरदा ऐकली होती आणि तीही जिथे चौकीची गोष्ट ऐकली, त्याच जेवणाच्या टेबलावर. "ते वेगळं. ते आदल्या वर्षीचं. अण्णांच्या कमरेपर्यंत पाणी, मी खांद्यावर. माझी एक चप्पल वाहून गेली, मी रडायला लागलो, तर म्हणाले, पाय हलवू नकोस, मी पडेन. कपाळाला घट्ट धरून बसलो होतो त्यांच्या."

"पाणी वस्तीत एकदाच शिरलंय, बाबा. आधी नाही, नंतर नाही. मी वीस वर्षांच्या वह्या बघितल्यात."

"मग नाल्याबिल्याचं असेल," बाबा म्हणाले. "आता सात-आठ वर्षांचं पोर काय कॅलेंडर बघून चप्पल हरवतं का?"

ते हसले आणि पुन्हा आरशाकडे वळले. पण भाषण पुढे सरकेना. त्यांनी कागद खालीवर केला, चष्मा काढून पुसला, परत घातला. दोन गोष्टी आयुष्यभर शेजारी शेजारी सांगितल्या होत्या आणि त्यांतल्या एकीलाही कुणी कधी विचारलं नव्हतं. धाकटीला पुढे बोलवेना. ती मागच्या खोलीत गेली.

मागच्या खोलीत आत्याचं शिवणयंत्र होतं आणि यंत्रामागे आत्या. बाबांची मोठी बहीण. पुराच्या वर्षी चौदाची होती, आता एकसष्टची. अर्ध्या गावाचे कपडे तिच्या हातचे होते, पण मापाच्या वहीत तिने कधी एक आकडा लिहिला नव्हता. माप ती घ्यायची आणि लिहायचं गिऱ्हाइकाने. "माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," म्हणायची. दुधाची चिठ्ठीसुद्धा धाकटीने लिहायची. नववीत शाळा सोडलेली बाई, म्हणून घरात कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. मुलाखत दे म्हणून धाकटी तीनदा मागे लागली, तर तिन्ही वेळा एकच उत्तर. "मी घरी होते, भांडी घासत. त्यात काय इतिहास?"

आज धाकटीने संमतीपत्राचा कागद यंत्रावर ठेवला आणि त्याच्यावर दोन फोटोंच्या प्रती.

"आत्या, हे बघ. खरं सांग."

आत्याने पाय थांबवला. सुई कापडातच राहिली. तिने आधी शाळेची यादी उचलली, डोळ्यांजवळ नेली, दूर नेली, आणि एकदम हसली.

"सही केली होय त्यांनी! एवढ्या पाण्यात? काय माणूस! पोरगं घेऊन पळायचं सोडून सही करत बसले."

"म्हणजे त्याच दिवशी गेले होते ना आजोबा शाळेत?"

आत्याने यादी खाली ठेवली आणि दुसरा कागद उचलला.

"आणि वही मग नंतर भरली," धाकटी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि त्याचा तिला राग आला होता. "तीन, चार, पाच, सहा. सगळे आकडे अंदाजाने. संध्याकाळी बसून."

"नंतर?" आत्याने मान वर केली. इतक्या वर्षांत धाकटीने तिला कुणावर चिडलेलं पाहिलं नव्हतं. "कोण म्हणतं नंतर भरली? एक आकडा नंतरचा नाही त्यात. दर तासाला खाली उतरून, पट्टीला डोळा लावून घेतलेले आकडे आहेत. दगड बुळबुळीत, कमरेला दोर बांधलेला. पाचचा तेवढा अंदाजाने टाकला, कारण तेव्हा पट्टीच बुडाली होती. तोसुद्धा खांबाच्या वरच्या खिळ्यावरून टाकलाय. नंतर म्हणे!"

धाकटीचा पाय थांबला होता.

आत्याने पुढ्यातल्या कापडावरून हात फिरवला, जणू सुरकुती होती. मग हात पुढे केला.

"दे ते पेन. कसला कागद आहे तो?"

"मुलाखतीचा. मी भरते, तू फक्त अंगठा... सही कर."

"मी भरते."

तिने कागद आपल्याकडे ओढला. पहिलं अक्षर काढायला वेळ लागला. मग हाताला वाट सापडली. 'जन्मवर्ष' असं लिहिलं होतं तिथे ती आली आणि तिने आकडे लिहिले. त्यातल्या पाचाचं शेपूट लांब ओढून तिने आधीच्या आकड्याच्या खालून नेलं. तारखेपुढे बारीक आडवी रेघ मारली, सवयीने. धाकटीने भिंग आणलं नाही. त्याची गरज नव्हती.

"चौकीतच शिकले मी लिहायला," आत्या कागदावरून मान न उचलता म्हणाली. "डबा घेऊन जायचे ना रोज. ते वहीत लिहायचे, मी शेजारी पाटीवर तसंच काढायचे. गुरुजी म्हणायचे, वडिलांचं अक्षर उचललंय पोरीने. त्या दिवशी दोनची नोंद करून म्हणाले, खालच्या वस्तीत पाणी चढतंय, बाळ्या तिथेच शाळेत आहे, तासाभरात येतो. भोंगा सोडू नकोस. रस्ताच गेला पाण्याखाली. टेकडीला वळसा घालून यायला सहा झाले. सहाची नोंदपण मीच केली. त्यांचे हात थरथरत होते."

"मग तू सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कुणाला सांगायचं? चौकी सोडली म्हणून नोकरी गेली असती त्यांची. महिन्याने खात्याचे साहेब आले, कौतुक करायला आले होते खरं तर, पण वही मागितली. अण्णांचं धाबं दणाणलं. शाळेतल्या माझ्या वह्या आणि ती वही कुणी शेजारी ठेवली असती, तर? मला म्हणाले, काही दिवस लिहू नकोस. काही दिवस शाळेत जाऊ नकोस."

तिने दुसऱ्या ओळीवर पेन ठेवलं, उचललं.

"मग?"

"मग काय. काही दिवस संपले, असं कुणी सांगितलंच नाही."

हे तिने इतकं साधेपणाने सांगितलं, की धाकटीला ते कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा तिला आजोबांचा राग आला. खांद्यावर पोर घेऊन कमरेइतक्या पाण्यातून चालणाऱ्या माणसाचा राग कसा करायचा, हे तिला समजेना. तिला साडेसात पानं आठवली आणि कानशिलं तापली. अक्षर तिने बरोबर ओळखलं होतं. फक्त त्या अक्षराचा माणूस गेली वीस वर्षं तिच्यासाठी कपडे शिवत होता.

"हे काय आहे?" आत्याने कागदावर बोट ठेवलं. 'नाव गुप्त ठेवावे काय? होय / नाही.'

"म्हणजे प्रबंधात तुझं नाव घालायचं की नाही. तुझी मर्जी. तू नको म्हणालीस तर मी घालू शकत नाही. काहीच लिहू शकत नाही." शनिवार, रविवार, पाटी, काळी फ्रेम, सगळं त्या दोन शब्दांमधे येऊन थांबलं होतं.

आत्या दाराकडे बघत होती. धाकटीने वळून पाहिलं. बाबा उभे होते. हातात भाषणाचा कागद होता. कधीपासून उभे होते, कोण जाणे.

"ते राहू दे नंतर," आत्या म्हणाली आणि पेनाचं टोपण शोधायला लागली.

बाबा आत आले. कपड्यांच्या ढिगावर बसले. आत्याने ओरडायला हवं होतं, इस्त्री केलेले होते ते, पण तिने फक्त एक बाही त्यांच्या खालून सोडवून घेतली.

"ताई," बाबा म्हणाले, "माझी एकच चप्पल गेली होती ना?"

"दोन्ही," आत्या म्हणाली. "अनवाणी आलास. एक चप्पल तू मोठेपणी वाचवलीस."

बाबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. गिऱ्हाइकांना ते नेहमी सांगत, शर्टाने पुसू नका, काचेवर चरे पडतात. मग त्यांनी हातातला कागद यंत्रावर, संमतीपत्राच्या शेजारी ठेवला आणि सपाट केला.

"यात काय चुकलंय ते बघ जरा."

"तू वाचून दाखव, मी सांगते. माझं अक्षर..."

"वाचत नाही मी," बाबा म्हणाले. "तू लिही."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली, पुरातून आणलेल्या पोराकडे बघावं तशी. मग तिने टोपण बाजूला ठेवलं. 'अण्णा जागचे हलले नाहीत' ही ओळ तिने दोनदा वाचली. खोडली नाही. तिच्या खालच्या मोकळ्या जागेत तिने '३.००' लिहिलं आणि पुढे बारीक आडवी रेघ मारली. तिथे पेन थांबलं.

"पुढे काय लिहू?" तिने धाकटीला विचारलं. "मुलगी, असं लिहू?"

"नाव लिही, आत्या," धाकटी म्हणाली. "पूर्ण."

आत्याने पेन दोनदा झटकलं, यंत्रावरचा दिवा कागदाकडे वळवला आणि लिहायला वाकली.